सरावाचा हात आणि खोटं पोटॅशियम : एका प्रशिक्षण प्रकल्पाच्या नोंदी

७ एप्रिल

आजपासून ही वही. नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या आमच्या केंद्रात टेक्निशियनच्या कोर्सला यंदा बारा जण आहेत. जूनच्या मध्यात ते दवाखान्यांत जातील. त्याआधी दोन कामं त्यांच्या हातात बसायला हवीत: ईसीजी काढणं आणि शिरेतून रक्त काढणं. पुस्तकातलं त्यांना येतं. काटोलच्या मुलाला विचारलं, पी वेव्ह म्हणजे काय? घडाघडा बोलला. म्हटलं, बरं, आता व्ही-फोरचा बल्ब कुठे लावशील ते या पुतळ्यावर दाखव. त्याने पोटावर बोट ठेवलं. व्ही-फोर म्हणजे ईसीजीसाठी छातीवर चिकटवायच्या सहा रबरी बल्बांपैकी चौथा.

सामानात एक जुनं तीन चॅनलचं ईसीजी मशीन आहे (दान आलेलं, उजव्या पायाची क्लिप मोडकी), एक छोटा सेंट्रिफ्यूज (रक्ताची ट्यूब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारा) आणि तो पुतळा. रक्त काढण्याच्या सरावासाठी रबरी हात नाही. नव्या हातासाठी पैसे नाहीत, हे उत्तर दरवर्षीसारखं यंदाही आलं. तेव्हा हात आपणच बनवायचा.

९ एप्रिल

इतवारीतून दोन इंची स्पंज आणि कातडीच्या रंगाच्या रेक्झिनचा तुकडा आणला. गांधीबागेच्या दवाबाजारातून लॅटेक्सची नळी आणि दोन सलाइन सेट. हाड म्हणून प्लंबरकडून उरलेला पाइप.

स्पंजला ब्लेडने तीन चऱ्या पाडल्या. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक, करंगळीच्या बाजूची बॅसिलिक आणि कोपराच्या खळग्यात दोघींना जोडणारी तिरपी मीडियन क्युबिटल. चऱ्यांत नळी दाबून बसवली, वरून रेक्झिन ताणून शिवलं. नळीचं एक टोक सलाइनच्या बाटलीला, दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. बाटलीत पाणी आणि मिठाईवाल्याकडचा लाल रंग. बाटली खिडकीच्या गजाला टांगली.

हात झाल्यावर कळलं की बाटलीची उंची हीच खरी गंमत आहे. वर टांगली की नस टम्म. खाली आणली की नळी लुळी पडते आणि बोटाखाली काही लागतच नाही: दिवसभर उन्हात राबून, पाणी न पिता आलेल्या माणसाची नस. महागड्या रबरी हाताला ही सोय असते की नाही, बघायला हवं.

संध्याकाळी पहिल्याच सुईला नळीचा सांधा सुटला. टेबल, फरशी, माझी ओढणी, सगळं लाल. झाडायला आलेल्या मावशी दारातच थबकल्या. "अवो मॅडम, कोनाले काय झालं?"

१२ एप्रिल

आज सगळा वेळ बोटांवर घालवला. सुई हातात दिलीच नाही. मुलं नस डोळ्यांनी शोधतात. निळी रेघ दिसली की खूश. पण वरवर दिसणारी निळी रेघ बहुधा बारीक असते, सुई लागली की सरकते. आपल्याला हवी ती नस दिसत नाही, लागते. तर्जनीने दाबली की स्पंजासारखी दबून परत वर येते. दोरीसारखं कडक लागलं तर तो स्नायूबंध. ठोका लागला तर धमनी, तिथून हात काढायचा. अंगठ्याने तपासायचं नाही, त्याचा स्वतःचाच ठोका लागतो.

सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून एकमेकांच्या हातातल्या नसा शोधायला लावल्या. उमरेडच्या मुलीचे हात थरथरतात म्हणून ती आधीच हिरमुसली होती. पण नस तिनेच सगळ्यांत आधी शोधली. आठ जणांच्या आठही.

बॅसिलिकचं मात्र बजावून सांगितलं. ती जाडजूड असते, हाताला सहज लागते, म्हणून मोह होतो. पण तिच्याखाली मोठी धमनी आणि मज्जातंतू जवळून जातात. पहिला मान मधल्या नसेला, मग सेफॅलिकला, बॅसिलिक शेवटी. सुई आत जाताच पेशंट म्हणाला की बोटांपर्यंत करंट गेला, तर "थोडं थांबा, होतंच आलं" असं म्हणायचं नाही. सुई लगेच बाहेर. ट्यूबमध्ये उसळ्या मारत लालभडक रक्त आलं तरीही तेच, आणि वर किमान पाच मिनिटं दाब.

१४ एप्रिल

सुट्टी. संविधान चौकाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा निळ्या.

१७ एप्रिल

ट्यूबच्या झाकणांचे रंग, आत कोणतं रसायन आहे ते सांगणारे. सायट्रेटची निळी, प्लेनची लाल किंवा जेलची पिवळी, हेपॅरिनची हिरवी, ईडीटीएची जांभळी, शुगरची करडी. रक्त याच क्रमाने भरायचं, आणि ब्लड कल्चर असेल तर ते सगळ्यांच्या आधी. पाठांतर दहा मिनिटांत झालं. पण हाच क्रम का, ते विचारल्यावर सगळे गप्प.

तेव्हा मी माझी गोष्ट सांगितली. एका दवाखान्यात नोकरीला लागून मला दोनच महिने झाले होते. एका आजींचं रक्त काढलं. जांभळी ट्यूब भरली आणि लाल ट्यूबला रक्त कमी पडलं. आजींना दुसऱ्यांदा टोचायचं जिवावर आलं. मग जांभळ्या ट्यूबचं झाकण उघडून त्यातलं थोडं रक्त लालमध्ये ओतलं. रक्त ते रक्तच ना! तासाभरात पॅथॉलॉजिस्ट सर रिपोर्टचा कागद घेऊन स्वतः खाली आले. पोटॅशियम आभाळाला टेकलेलं, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. "ह्या बाई जिवंत आहेत का?" आजी बाकावर बसून संत्रं सोलत होत्या.

जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते हे ईडीटीए धरून ठेवतं, म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त पातळ राहतं. तेच रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं की पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं पडतं. ओतायलाच हवं असं नाही, सुईच्या टोकाला लागलेला थेंबही गोंधळ घालू शकतो. म्हणून जांभळी प्लेनच्या नंतर. सर मला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, मशीनने तुझ्या ट्यूबचं पोटॅशियम बरोबर मोजलं, आजींचं मोजलं नाही.

निळ्या ट्यूबचंही एक. तिच्यात सायट्रेट (तेही रक्त गोठू देत नाही) आधीच मापून भरलेलं असतं: नऊ भाग रक्ताला एक भाग. रेघेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याचा वेळ लांबलेला दिसतो. आणि हलवायचं नाही, उलटवायचं: निळी तीन-चार वेळा, लाल पाच, जांभळी आठ ते दहा. रामटेकच्या मुलाने ट्यूब कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी हलवली. अशाने लाल पेशी फुटतात.

२१ एप्रिल

ईसीजीला सुरुवात. हातापायाच्या चार क्लिपा: लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. कामठीच्या मुलीने युक्ती काढली. पेशंटच्या उजव्या हातापासून घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. व्हरायटी चौकातला सिग्नल, लाल, पिवळा, हिरवा, आणि शेवटी काळा डांबरी रस्ता. उजवा म्हणजे पेशंटचा उजवा, आपला नाही, हे सांगूनही पहिल्या फेरीत तिघांनी आरशासारखं उलटं लावलं.

तिची युक्ती फळ्यावर लिहिली आणि खाली धोक्याची ओळही लिहिली. काही मॉनिटरच्या वायरी अमेरिकन रंगांच्या येतात. त्यांत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. म्हणजे तोच लाल तिथे पायाला. म्हणून रंगाआधी वायरीवरची अक्षरं वाचायची. आरए, एलए, एलएल, आरएल.

मग मुद्दाम ईसीजीच्या चुकीच्या पट्ट्या काढायला लावल्या. हाच आजचा खरा धडा. काटोलच्या मुलाला झोपवलं आणि दोन्ही हातांच्या क्लिपा बदलल्या. लीड म्हणजे हृदयाकडे एकेका बाजूने बघून काढलेली रेघ. लीड वन पूर्ण उलटी झाली. एव्हीआर या लीडमध्ये एरवी सगळं खाली तोंड करून असतं, तिथे लाटा वर आल्या. लीड टू आणि थ्रीची अदलाबदल. "मॅडम, माझं हृदय उजवीकडे गेलं का?" तसं खरंच असलं तर छातीच्या लीडमध्येही व्ही-वनपासून व्ही-सिक्सकडे जाताना लाटा वाढायच्या सोडून घटत जातात. त्याच्या छातीच्या लीड व्यवस्थित होत्या. म्हणजे हृदय जागेवर आणि क्लिपा चुकीच्या. नंतर लाल आणि काळी बदलली तर लीड टू जवळजवळ सपाट रेघ. ती बघून वर्गात शांतता पसरली, कारण मुलगा तर समोर हसत होता.

चुकीच्या चारही पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या. बरोबर पट्टी कशी दिसते ते पुस्तकात असतंच.

२५ एप्रिल

मागच्या वर्षी जमवलेल्या पट्ट्यांची फाइल उघडली. अर्ध्या पांढऱ्याफटक. हा थर्मल कागद, उष्णतेने उमटतो आणि ऊन, उष्णता, वेळ यांनी उडतो. आणि मी शहाणी, तो प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून ठेवला होता. प्लास्टिकनेही छाप उडते. यापुढे पट्टी आली की नावाची बाजू झाकून त्याच दिवशी झेरॉक्स.

३० एप्रिल

छातीचे सहा बल्ब. बहुतेकांची चूक एकच होते आणि अनुभवी माणसांकडूनही होते: व्ही-वन, व्ही-टू फार वर लागतात. गळ्याच्या खळगीतून बोट छातीच्या हाडावरून खाली सरकवायचं. दोन बोटं उतरलं की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत, हाडाच्या उजवीकडे व्ही-वन, डावीकडे व्ही-टू. मग व्ही-थ्री सोडून आधी व्ही-फोर: पाचवी फट, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणारी रेघ. व्ही-थ्री टू आणि फोरच्या मधोमध. फाइव्ह आणि सिक्स हे फोरच्याच पातळीत सरळ आडवे, एक काखेच्या पुढच्या कडेला, एक काखेच्या मध्यावर. बरगडीच्या वळणाबरोबर वर चढायचं नाही.

जेली कमी लावा म्हणून सांगितलं तरी रामटेकच्याने पट्टाच ओढला, व्ही-वनपासून व्ही-फोरपर्यंत, पोळीवर तूप पसरावं तसा. मग चारही लीड सारख्याच दिसायला लागल्या. जेलीतून सगळे बल्ब एकमेकांना जोडले गेले, मशीनसाठी ते चार राहिलेच नाहीत. आता भिंतीवर पाचवी पट्टी.

बायकांचा ईसीजी मी मुलींनाच नाही, मुलांनाही शिकवला, पुतळ्यावर ओढणी टाकून. आधी सांगायचं: "ताई, छातीवर सहा बल्ब लावावे लागतात, पाच मिनिटांचं काम आहे, चादर अंगावर राहू द्या." सोबत बाई हवी. आणि लाजून व्ही-फोर भलतीकडेच चिकटवायचा नाही. हाताच्या मागच्या बाजूने स्तन वर करून खाली लावायचा. संकोचाने काढलेला चुकीचा ईसीजी त्या बाईच्याच जिवावर येतो.

५ मे

आज नागपूरने शिकवलं. पट्टीवर बेसलाइन (लाटांच्या मधली सपाट रेघ) जाड, करवतीच्या पात्यासारखी. भिंग घेऊन मोजायला लावलं: एका मोठ्या चौकटीत बरोबर दहा दात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, म्हणजे मोठी चौकट ०.२० सेकंदाची. त्यात दहा, म्हणजे सेकंदाला पन्नास. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. खाटेला चिकटून कूलर सुरू होता, त्याची वायर पेशंटच्या वायरींवरून गेलेली.

कूलर बंद केला. पट्टी स्वच्छ आली. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली, झोपलेल्या मुलाला घाम फुटला, बल्ब घसरायला लागले आणि बेसलाइन सापासारखी वळवळू लागली. कूलर सुरू केला तर करवत, बंद केला तर साप. शेवटी कूलर खाटेपासून लांब ढकलला, त्याची वायर दुसऱ्या भिंतीला फिरवली, मशीन अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावलं, छाती कोरड्या गॉजने पुसली. तेव्हा जमलं. मशीनवर फिल्टरचं बटण असतं, पण ते दाबायच्या आधी कारण शोधायचं. फिल्टर करवतीबरोबर खऱ्या लाटाही थोड्या बोथट करतो.

तिसरा प्रकार: अनियमित, केसाळ, बारीक थरथर. ती स्नायूंची. पेशंटला थंडी वाजते आहे, भीती वाटते आहे किंवा हात हवेत ताणून धरलेत. चादर द्या, बोला, हात खाटेवर सैल सोडायला लावा.

ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्थोव्हेनची गोष्ट इथे सांगितली. ईसीजीच्या लाटा कशा उमटतात ते शोधल्याबद्दल १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. एका ठोक्यातल्या लाटांना ओळीने पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरंही त्यानेच दिलेली. त्याच्या वेळी क्लिपा नव्हत्या, पेशंट हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचा. कामठीची म्हणाली, "मग मे महिन्यात आपण सगळे बादल्याच आहोत."

९ मे

ठोके मोजणं. दोन आर लाटांमध्ये किती मोठ्या चौकटी, त्याने ३०० ला भागा. चार चौकटी, ७५. तीन, १००. पाच, ६०. ताल अनियमित असेल तर हे चालत नाही. तिथे तीस मोठ्या चौकटी म्हणजे सहा सेकंद मोजायचे, त्यातल्या आर लाटा गुणिले दहा. त्याआधी पट्टीच्या कडेची खूण बघायची: एक मिलिव्होल्टला दहा मिलिमीटर, म्हणजे दोन मोठ्या चौकटींची उंची. कोणी ती अर्धी करून ठेवली असेल तर सगळ्याच लाटा बुटक्या दिसतात.

मॉनिटर शिकवताना माझी दुसरी फजिती सांगितली. रात्रपाळी संपत आलेली. आठ नंबरवर सरळ रेघ, अलार्म किंचाळतोय. मी ट्रॉली ओढत धावले. पडदा सारला तर काकाजी उठून बसलेले, वाटीतून उपमा खात. "कायले धावून राहिल्या बाई?" खाज सुटली म्हणून छातीवरचं स्टिकर त्यांनी काढून उशीला चिकटवलं होतं. नळाखाली दात घासतानाही मॉनिटरवर भयंकर वेगाचा ताल दिसू शकतो.

हसून झाल्यावर उलट बाजू सांगितली. ही गोष्ट ऐकून कोणी सरळ रेघ बघून "स्टिकर निघालं असेल" म्हणत बसून राहिलं तर मीच गुन्हेगार. दोन्ही वेळी पहिलं काम एकच, पेशंटकडे जा. हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर ओरडून मदत बोलवा आणि मानेची नाडी बघा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही लागली तर छाती दाबायला सुरुवात. मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. पुतळा यासाठीच आहे. दोन मिनिटांत काटोलचा घामाघूम झाला आणि दाब उथळ पडायला लागला. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

१५ मे

उमरेड रोडवर वीटभट्टीच्या कामगारांसाठी शिबिर होतं. चार मुलं घेऊन गेले. सिकलसेलची तपासणी, चाळिशीपुढच्यांचा ईसीजी आणि ज्यांना चक्कर, पायात गोळे अशा तक्रारी त्यांचे इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातलं सोडियम, पोटॅशियम). विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, घरोघरचं नाव आहे. पटकन होणारी सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण दोघांनाही पॉझिटिव्ह दाखवते, फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी लागते. त्यासाठी जांभळी ट्यूब.

विशीतला एक मुलगा आला, आधीपासून सिकलसेलचा रुग्ण. दोन्ही कोपरांवर टोचल्याचे काळे डाग. उमरेडची मुलगी पट्टा बांधून मधली नस शोधत होती. तो शांतपणे म्हणाला, "तिथं नाही भेटत ताई. इथं पाहा." आणि मनगटाच्या वरची, अंगठ्याच्या बाजूची नस दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या नसेची त्याच्याइतकी ओळख कोणाला असणार? तिने पट्टा सोडला, त्याला पाणी प्यायला दिलं, दहा मिनिटं सावलीत बसवलं, परत बांधला. टोचायच्या जागेच्या वर चार बोटं, आणि मिनिटाच्या आत सोडायचा. स्पिरिट पूर्ण वाळू दिलं. ओलं असताना टोचलं की झोंबतं आणि पेशीही फुटतात. सुईचं तोंड वर, तिरपी आत. एका फटक्यात आली. हात थरथरत होते, सुई मात्र थरथरली नाही. मला अजून कळलेलं नाही हे ती कसं करते.

१६ मे

लॅबमधून फोन. काल इलेक्ट्रोलाइट्सला दिलेल्या नऊ जणांपैकी चौघांचं पोटॅशियम ५.० च्या वर, म्हणजे जास्त. एका काकाजींचं ५.९. सगळे भट्टीवरचे, एकमेकांशी काही संबंध नाही. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) मात्र स्वच्छ पिवळं. पेशी फुटल्या असत्या तर ते गुलाबी दिसलं असतं.

काकाजींचा ईसीजी कालच काढला होता, झेरॉक्स माझ्याकडे होती. पोटॅशियम खरंच चढलं की टी लाट उंच, निमुळती, तंबूसारखी टोकदार होते. आणखी चढलं तर पी सपाट होते, क्यूआरएस रुंदावतो. यांची टी साधी, गोलसर. शिबिराच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी कळवल्या. त्यांनी काकाजींना लगेच बोलावून घेतलं. ईसीजी साफ दिसला म्हणून सोडून द्यायचं नसतं. वाढलेलं पोटॅशियम ईसीजीवर दिसलंच पाहिजे असा नियम नाही.

दुपारी चारही मुलांना बसवून काल सकाळपासून काय काय केलं ते क्रमाने सांगायला लावलं. रक्त नऊ वाजता काढलं. मुठी उघड-मीट करायला लावल्या? नाही. पट्टा? मिनिटाच्या आत. ट्यूबचा क्रम? बरोबर. मग रामटेकचा म्हणाला, "ऊन लई होतं मॅडम, सॅम्पल खराब होईल म्हणून आम्ही सगळ्या ट्यूबा डब्यात बर्फाखाली ठेवल्या." लॅबला पोचायला दुपारचे तीन.

सापडलं. लाल पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडं. ते आत ठेवणारा पंप गारठ्यात मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, म्हणून रंग बदलत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. पोराने काळजीपोटी केलं. मीही आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं, "उन्हात ठेवू नका" एवढंच सांगितलं होतं. चूक माझ्या नावावर लिहिते.

१९ मे

काकाजींचं परत काढलेलं रक्त: ४.४. बाकी तिघांचंही जागेवर. काकाजी मुलांना म्हणाले, "एकदा काढलं ते कमी पडलं का रे?" काटोलच्याने खरं सांगितलं की चूक आमची होती. त्यांनी चहा पाजला.

पुढच्या शिबिरासाठी बदल: सेंट्रिफ्यूज सोबत न्यायचा. जेलची ट्यूब अर्धा तास उभी ठेवायची, गोठू द्यायची, तिथेच फिरवायची. जेल पेशी आणि सीरमच्या मध्ये बसलं की मगच गार डब्यात, आणि बर्फ ट्यूबला टेकायला नको, मध्ये जाड कापड. प्रत्येक ट्यूबवर वेळ. नाव आणि वेळ पेशंटसमोरच लिहायची, रक्त काढल्यावर. आधी नावं लिहून ठेवलेल्या ट्यूबा मला कोणाच्या खिशात दिसायला नकोत.

२६ मे

नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. सरावाच्या हातावर कामठीच्या मुलीने सुईला झाकण परत लावायचा प्रयत्न केला आणि बोटाला टोचलं. सुई रंगीत पाण्याची. तरी सगळी कवायत केली: हातमोजा काढ, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, लगेच सांग, वहीत वेळ लिही. खरी सुई असती तर पुढची पायरी कॅज्युअल्टी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही. लपवण्यात वेळ जातो तो परत येत नाही. झाकण लावायचंच नाही, सुई थेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत.

३ जून

पट्ट्यांची परीक्षा. बारापैकी नऊ पास. तिघे एट्रियल फिब्रिलेशनला (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ताल बिघडतो) 'बेसलाइन खराब' म्हणाले. भिंतीवरच्या चुकीच्या पट्ट्यांचा अतिरेक झाला बहुतेक, आता त्यांना सगळीकडे मशीनचीच चूक दिसते. परत बसवलं. पी लाटा शोधा, मिळत नाहीत. आर-आर अंतर कागदाच्या कडेवर टिंबं काढून मोजा, कुठलीही दोन सारखी येत नाहीत. बेसलाइन बारीक थरथरते, पण तिला करवतीसारखा नेम नाही. आणि पेशंटची नाडी हातात धरा. ती अनियमित लागली तर दोष कूलरचा नाही.

१२ जून

शेवटचा दिवस. सोमवारपासून सगळे दवाखान्यांत. सरावाच्या हाताची नळी तिसऱ्यांदा बदलली. एकाच जागी टोचून टोचून रेक्झिनला चाळणी झाली आहे. पुढच्या बॅचसाठी लॅटेक्स दोन मीटर, रेक्झिन अर्धा मीटर, उजव्या पायाची क्लिप (अजून मोडकीच).

उमरेडच्या मुलीने विचारलं, मॅडम, तुमचं काढू का? माझ्या नसा चांगल्या नाहीत, हे मला कॉलेजपासून ऐकायला मिळतं. तिने माझं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली, मला ओळखत असूनही. डोळे मिटून शोधली. टोचलं तेव्हा कळलंच. पण एकदाच. पट्टा सोडला, ट्यूब काढली, मग सुई, कापूस. कोपर दुमडू नका म्हणाली. जांभळी ट्यूब आठ वेळा उलटवली, ओठांत मोजत. वेळ लिहिली, ११.२०.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन तीच आली. हिमोग्लोबिन १०.१. "मॅडम, सॅम्पल बरोबर आहे, मी तपासलं. तुम्ही डबा खाऊन राहिल्या का नाही?"